बोलणारा सापडतो, ऐकणारा नाही

रेडिओबद्दल जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यातला एक दिसायला अगदी बाळबोध आहे. मी रेडिओ ऐकतोय हे रेडिओ स्टेशनला कळतं का? ज्यांचं सगळं ऐकणं-बघणं फोनवर झालंय, त्यांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. मुंबईत १९४२ साली काही तरुण मुलामुलींनी जे केलं, ते समजून घ्यायचं तर या ‘नाही’पासूनच सुरुवात करावी लागते.

आधी थोडं विज्ञान, फार नाही. रेडिओच्या लहरी आणि आवाजाच्या लहरी यांची गल्लत होते. आवाज हवेतून जातो आणि सेकंदाला साधारण ३४० मीटर सरकतो. रेडिओची लहर ही प्रकाशाच्या जातीची. ती सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते आणि तिला हवा लागत नाही. प्रक्षेपक म्हणजे एका अर्थी दिवाच, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. अंधाऱ्या माळावर कंदील लावला तर तो एका माणसाला दिसतो तसाच हजारांना दिसतो, जास्त लोकांनी पाहिलं म्हणून मंद होत नाही आणि कोण बघतंय हे कंदिलाला कळत नाही. पण कंदील कुठे आहे हे मात्र बघणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

फोनचं नेमकं उलटं. तुम्ही आमच्या पॉडकास्टचा भाग लावता तेव्हा तुमचा फोन कुठल्यातरी सर्व्हरकडे तो मागतो, आणि मागणी आली की मागणाऱ्याचा पत्ताही येतो. आमच्या पडद्यावर तुमचं नाव दिसत नाही, पण कुठल्या देशातून किती जणांनी भाग ऐकला आणि साधारण कुठे कंटाळून बंद केला, एवढं दिसतं. (कंटाळण्याची जागा बघणं हा आमचा दर आठवड्याचा क्लेश आहे.) जुन्या रेडिओत ऐकणारा काहीच मागत नाही. येतं ते घेतो.

आता १९४२. गवालिया टँकवर ८ ऑगस्टला ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसकट काँग्रेसचे बहुतेक मोठे नेते उचलले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले, काहींनी अंक काढणंच थांबवलं. ऑल इंडिया रेडिओ सरकारी खातं. त्याला हे नाव १९३६ साली मिळालं होतं आणि युद्धाच्या काळात तो सरकारला हवं तेच बोलत होता. देशात दंगली, संप, गोळीबार, रेल्वे रूळ उखडणं चालू होतं, आणि शेजारच्या जिल्ह्यात काय झालं हे कळायला अफवेशिवाय साधन नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुभाषबाबूंचा आवाज बर्लिनहून हिंदुस्थानात ऐकू आला होता, तेव्हा रेडिओ सरकारच्या हाताबाहेरही असू शकतो हे लोकांना कळलेलं होतं. पण बर्लिन लांब होतं. मुंबईत बसून असं काही करणं म्हणजे वाघाच्या गुहेत शेकोटी पेटवण्यासारखं.

ते केलं कुणी? उषा मेहता, वय २२, सुरतजवळच्या सरस गावची, वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. विठ्ठलदास खाकर, ज्यांना सगळे बाबूभाई म्हणत. चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी. मागे राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत समाजवादी नेते. यंत्रांसाठी मदत झाली ती नानक मोटवाने यांची. त्यांची ‘शिकागो रेडिओ’ ही पेढी काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवत असे. नाव शिकागो, पेढी मुंबईतली. तिकडे राहणाऱ्यांनी उगाच हक्क सांगू नये. आणि प्रक्षेपक जोडून देणारा तंत्रज्ञ होता नरिमन प्रिंटर, हौशी रेडिओवाल्यांपैकी एक. महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ साली सरकारनं हौशी मंडळींना प्रक्षेपण बंद करून आपली यंत्रं जमा करायला सांगितलं होतं. त्यामुळे ज्यांना हे काम येत होतं, ते सगळे आधीच सरकारी यादीत होते. प्रिंटर तर एकदा पकडलाही गेला होता. त्याचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

ऑगस्टच्या अखेरीस ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू झाला. सुरुवातीची घोषणा उषाबेनांच्या आठवणींमुळे आज बऱ्याच जणांना माहीत आहे: आपण काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानातून कुठूनतरी बोलतो आहोत. या घोषणेत दोन भाग आहेत. कुठे ऐकायचं ते अचूक सांगितलंय, दोन दशांश स्थळांपर्यंत. कुठून बोलतोय ते लपवलंय. पहिला भाग सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण लोकांना सुई कुठे लावायची ते कळायला हवं. आणि तो भाग सांगितला की पोलिसांनाही सुई लावता येते.

हे ४२.३४ मीटर म्हणजे काय, हाही नेहमीचा प्रश्न. पाण्यावरच्या लाटेत एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत जे अंतर, तसं हे लहरीचं अंतर. लहर ३ लाख किलोमीटरच्या वेगानं चाललीय आणि प्रत्येक लाट ४२.३४ मीटर लांब आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ७१ लाख लाटा. आज आपण त्याला ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास म्हणू. तुमच्या गाडीतला एफएम १०० मेगाहर्ट्झच्या आगेमागे असतो, म्हणजे लाट सुमारे ३ मीटरची. अशी आखूड लाट जवळपास सरळ रेषेत जाते, क्षितिजापलीकडे गेली की वर अवकाशात निघून जाते आणि शहर सुटलं की स्टेशनही सुटतं. मग गंमत म्हणजे ४२ मीटरच्या लाटेला ‘शॉर्टवेव्ह’ का म्हणतात? कारण नाव पडलं तेव्हा बाकीचा रेडिओ याहून कितीतरी लांब लाटांवर चालायचा. मिडीयम वेव्हची लाटच दोनशे ते पाचशे मीटरची असते.

शॉर्टवेव्हचा गुण हा की ती वर जाऊन परत येते. पृथ्वीपासून साधारण २०० ते ४०० किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेला हवेचा विरळ थर आहे. मार्कोनीनं १९०१ साली अटलांटिकपार संदेश पोचवला तेव्हा लहर पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून गेली कशी, हे कुणालाच सांगता येईना. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी वेगवेगळं सुचवलं की वर एखादा परतवणारा थर असावा. एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ साली तो मोजून दाखवला आणि त्यासाठी त्यांना १९४७ सालचं नोबेल मिळालं. दिवसा याच्या खालचा आणखी एक थर लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि ७ मेगाहर्ट्झसारखी लहर शेकडो किलोमीटर, कधी त्याहूनही लांब जाते. रात्री रेडिओला परकी स्टेशनं जास्त लागतात ती यामुळे. काँग्रेस रेडिओचं मुख्य प्रक्षेपण संध्याकाळचं, हिंदुस्थानी आणि इंग्रजीत. म्हणजे गिरगावात बसून छोट्याशा यंत्रावर बोललेलं पार दुसऱ्या प्रांतात उतरू शकत होतं.

ते काय बोलत होते? चितगावावरचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि विदर्भातल्या आष्टी-चिमूरला काय झालं ते. चिमूर मुंबईपासून सुमारे ७०० किलोमीटर. तिथे १६ ऑगस्टला जमावानं सरकारी माणसं मारली, नंतर लष्कर आणि पोलीस गावात शिरले आणि बायकांवर अत्याचार झाले. हे छापायची सोय नव्हती. उषाबेन पुढे सांगत की वृत्तपत्रं या विषयांना हात लावायला धजत नव्हती तेव्हा आमचा रेडिओच ते सांगत होता. आज ‘फ्री स्पीच’वर हिरिरीनं वाद घालताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, की इथे मुद्दा कुणाचं मत मांडण्याचा नव्हता. काय घडलं एवढंच सांगायचं होतं.

आता पोलिसांचा भाग. लहरीवरून जागा कशी शोधतात? तुमच्या आजी-आजोबांच्या घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर स्वतः करून बघा. मिडीयम वेव्हवर एखादं स्टेशन लावा आणि अख्खा रेडिओ हळूहळू गोल फिरवा. एका स्थितीत आवाज खणखणीत येईल, एका स्थितीत जवळजवळ मरेल. आत एक फेराइटची कांडी असते, तिचं टोक स्टेशनच्या दिशेनं झालं की आवाज पडतो. १९४२ साली कांडीऐवजी तारेचं मोठं वेटोळं असे, पण तत्त्व तेच. आवाज मरतो ती दिशा टिपायची, कारण तो मरण्याची जागा अगदी टोकदार असते, मोठा होण्याची पसरट. नकाशावर रेघ ओढायची. दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेच करायचं. दोन रेघा छेदतील तिथे बोलणारा बसलाय.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात आकाशातून परतलेली लहर वरून येते आणि लांबच्या वेटोळ्याला चकवते, म्हणून जवळ जावं लागतं. जवळ गेलं की मुंबईसारख्या शहरात इमारती, तारा, लोखंडी सांगाडे लहरीला इकडेतिकडे फेकतात. मोजणाऱ्याला मोहल्ला कळतो, जिना कळत नाही. आणि मोजायला वेळ लागतो, तोवर बोलणारा गप्प झाला तर सगळं मुसळ केरात. म्हणून काँग्रेस रेडिओवाले दोन गोष्टी करत होते. थोडा वेळच बोलायचं, आणि जागा बदलत राहायचं. चौपाटीवरचं सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचं अजित व्हिला, शेवटी गिरगावातली पारेख वाडी. तीन महिन्यांच्या आत पाच-सहा ठिकाणं झाली. लॅबर्नम रोड म्हणजे तोच रस्ता, जिथे गांधीजींचं मुंबईतलं घर मणिभवन आहे. मला या निवडीचं आश्चर्य वाटतं, पण भाड्यानं जागा देणारं विश्वासू माणूस जिथे मिळेल तिथेच जावं लागत असणार. ध्वनिमुद्रण वेगळ्या ठिकाणी व्हायचं आणि तबकड्या प्रक्षेपकापाशी नेल्या जायच्या, म्हणजे एक जागा गेली तरी दुसरी वाचावी.

शेवट १२ नोव्हेंबर १९४२ला झाला. त्या दिवशी पोलीस बाबूभाईंपर्यंत पोचलेत हे उषाबेनांना कळलं होतं. कार्यक्रम रद्द करता आला असता. त्या पारेख वाडीत गेल्या, चंद्रकांत झवेरींबरोबर बसून ठरलेला कार्यक्रम केला. पोलीस दारं फोडून आत आले तेव्हा शेवटची ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती आणि ती बंद करायला त्यांनी नकार दिला, असं त्यांनी पुढे सांगितलं.

पोलिसांना जिना दाखवला तो वेटोळ्यानं नव्हे. नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि फुटला. त्याला खलनायक करणं सोपं आहे, आणि लोकप्रिय कथनांत ते होतं. मला त्यात फार रस वाटत नाही. त्यानं सांगितलं नसतं तरी वेटोळं फिरतच राहिलं असतं. लहरीनं सुरू केलेलं काम माणसानं पुरं केलं, एवढंच. खटला विशेष न्यायालयात चालला. मे १९४३ मध्ये निकाल लागला: बाबूभाईंना ५ वर्षं, उषाबेनांना ४, चंद्रकांत झवेरींना १, विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. उषाबेन येरवड्यात होत्या, १९४६ साली सुटल्या. पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, १९९८ साली पद्मविभूषण मिळालं, २००० साली गेल्या.

संशोधक म्हणून मला या सगळ्यात जास्त भावते ती एक वेगळीच गोष्ट. काँग्रेस रेडिओवर रोज नेमकं काय बोललं गेलं हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः कुणामुळे? पोलिसांमुळे. सरकारची माणसं रोज संध्याकाळी रेडिओपाशी बसत आणि ऐकलेलं टिपून घेत. ती टिपणं खटल्यात पुरावा झाली आणि दफ्तरात राहिली. म्हणजे या स्टेशनचा सर्वांत निष्ठावान, एकही दिवस न चुकवणारा श्रोता सरकारच होतं, आणि बोलणाऱ्यांना ते दिसत नव्हतं. कंदिलाला बघणारा दिसत नाही, मग तो मित्र असो की वैरी.

बाकीच्या श्रोत्यांचं काय? त्यांची कुठेच नोंद नाही, आणि असूही शकत नव्हती. तेव्हा रेडिओ बाळगायला परवाना लागे, त्यामुळे संच कुणाकडे आहे एवढं सरकारला कळे. १९४१च्या जनगणनेत लोकसंख्या ३८ कोटींच्या वर होती आणि परवाने दोन लाखांच्याही आत. पण संच घरात असणं आणि काल संध्याकाळी तो ४२.३४ मीटरवर असणं, यातलं अंतर कुठल्याही यंत्रानं मोजता येत नव्हतं. पोस्टात जाऊन दरवर्षी रेडिओचं लायसन्स नवं करायची ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही १९८०च्या दशकापर्यंत चालली. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना ते पुस्तक आठवत असेल.

ऐकणारा सापडत नाही, ही राज्यकर्त्यांची जुनीच अडचण. जर्मनीनं १ सप्टेंबर १९३९ला, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, परदेशी स्टेशन ऐकणं हा गुन्हा ठरवला. ऐकलेलं पसरवणाऱ्याला देहदंडाचीही तरतूद होती. पण पकडणार कसं? म्हणून सगळी भिस्त शेजाऱ्यांच्या चहाड्यांवर. भिंतीला कान लावून बीबीसीची धून ओळखणारा शेजारी हेच त्यांचं यंत्र. नेदरलँड्समध्ये १९४३ साली त्यांनी सरळ लोकांचे रेडिओच जप्त करायला काढले. कोण काय ऐकतंय हे कळण्याचा मार्ग उरला नाही, तर कानच काढून घ्यायचे.

हा गुण अजून संपलेला नाही. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर खात्यात बसून क्युबासाठी हेरगिरी करणाऱ्या आना मोंतेस यांना २००१ साली अटक झाली. त्यांना हुकूम यायचे ते शॉर्टवेव्हवर, वाचून दाखवलेल्या आकड्यांच्या रूपात. ईमेल आलेलं असताना हा म्हातारा उपाय का? कारण ईमेल घेणाऱ्याचा माग राहतो, आकडे ऐकणाऱ्याचा नाही. त्या पकडल्या गेल्या त्या दुसऱ्याच धाग्यादोऱ्यांनी. मला हेरांचं कौतुक नाही, पण रेडिओ ऐकणाऱ्याची पाठराखण करतो ती तो कोण आहे हे न विचारता.

आणि बोलणाऱ्याला लपायची सोय कधीच नसते का? एक आहे: सरहद्द. गोव्यात सालाझारची राजवट होती, वृत्तपत्रांवर कडक सेन्सॉर होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी २५ नोव्हेंबर १९५५ला एक भूमिगत रेडिओ सुरू केला. कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, पोर्तुगीजमध्ये ‘वॉझ द लिबर्दाद’. जागा आधी सावंतवाडीजवळ आंबोलीचं जंगल, नंतर कॅसलरॉक. दोन्ही भारताच्या हद्दीत, गोव्याच्या वेशीलगत. इथे पोर्तुगिजांनी वेटोळं कितीही फिरवलं असतं, रेघा अचूक छेदल्या असत्या, तरी तो ठिपका नकाशावर सरहद्दीपलीकडेच पडला असता. लहर पलीकडून अलीकडे येत होती, पोलिसांना अलीकडून पलीकडे जाता येत नव्हतं. मुंबईचा रेडिओ तीन महिनेही चालला नाही. हा सहा वर्षं चालला. त्या दोघांसाठी ती सहा वर्षं जंगलातली होती, घाटातल्या पावसातली, आपण बोलतोय ते पणजी-मडगावात कुणाच्या कानी पडतंय का हे तिथून न दिसणारी.

१९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली तेव्हा दोघं लष्कराच्या विमानात बसली आणि गोव्यावरून फिरत लाउडस्पीकरवरून, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये, ती बातमी सांगत राहिली. त्या दिवशी खालच्या लोकांना बोलणारं विमान मान वर करून बघता आलं, आणि वरून खालची माणसंही दिसली.